मागच्या फळीखालची तार

पुंजारामशेठच्या मोटारीला चोरभोंगा बसवला, तेव्हा तो बघायला मेनरोडवर माणसं जमली होती. कादरनं गाडीचं दार नुसतं दोन बोटं उघडलं आणि गाडी अशी काही केकाटली की समोरच्या टांग्याचा घोडा मागच्या पायांवर उभा राहिला. लोक हसले, शेठही हसले. कादरच्या पाठीवर थाप मारून ते म्हणाले, "मुंबईला साहेबलोकांच्या गाडीला असतं तसलं आमच्या नाशकात झालं!"

ही पस्तीस सालच्या दिवाळीतली गोष्ट. त्याच्या आधी गोदाघाटावरून शेठच्या गाडीतली घोंगडी आणि जादा चाक चोरीला गेलं होतं. विड्यांचा मोठा कारखाना असलेला माणूस, चाक गेल्याचं त्याला काय एवढं! पण कुणीतरी आपल्या गाडीला हात लावला, हे त्यांच्या मनातून जाईना. म्हणून त्यांनी मोटारीचं काम करणाऱ्या कादरला बोलावलं.

कादरची युक्ती साधी होती. भोंग्याच्या एका तारेला बॅटरीतून वीज मिळायचीच. दुसरी तार गाडीच्या लोखंडाला टेकली की भोंगा वाजायचा. कादरनं ती दुसरी तार गाडीच्या तळाच्या फळ्यांखालून फिरवून चारी दारांच्या चौकटीत बसवलेल्या बटणांना जोडली. दार बंद असलं की बटण दाबलेलं, तार लोखंडापासून दूर. दार उघडलं की बटण सुटायचं, तार टेकायची आणि भोंगा बोंबलायचा. हे सगळं चालू-बंद करायची कळ पुढच्या मडगार्डखाली लपवलेली होती. तिची किल्ली फक्त शेठच्या घड्याळाच्या साखळीला. दारांची किल्ली मात्र ड्रायव्हरकडे.

ड्रायव्हर म्हणजे खंडेराव. घोटीकडचा माणूस, पन्नाशी उलटलेला, अंगानं आडवा, बोलायला कमी. नाशकातले निम्मे ड्रायव्हर त्याच्या हाताखाली शिकले होते. त्याला सगळे खंडूमामा म्हणत. कादरसुद्धा त्याचाच चेला. कादरचे वडील टांगे रंगवायचे. ते गेले तेव्हा कादर चौदाचा होता. खंडूमामानं त्याला हाताशी घेतलं, मोटारीच्या पोटात काय काय असतं ते एकेक नाव घेऊन शिकवलं. दुपारी जेवायला घरी न्यायचा. मामाची बायको धोंडाबाई पहिलं वर्षभर या मुसलमानाच्या पोराची ताटली वेगळी ठेवायची. पुढं कधी ती ताटली बाकीच्या भांड्यांत मिसळली, ते तिलाही सांगता आलं नसतं. तिला पोरबाळ नव्हतं. कादरनं भद्रकालीजवळ स्वतःचं गॅरेज टाकलं, तेव्हा पहिला नारळ तिनंच आणून ठेवला होता.

पुढच्या चैत्रात शेठ सहकुटुंब वणीला निघाले. सप्तशृंगीच्या यात्रेची गर्दी. गाडी वणीला गडाखालच्या झाडाखाली उभी केली. शेठच्या पत्नी चतुराबाईंनी गर्दीत नको म्हणून पाटल्या आणि गोठ काढून एका डब्यात घातले, डबा मागच्या सीटखाली ठेवला. मागं नारळाची पोती होती, तांब्याची भांडी होती, चांगलं भरगच्च सामान. बाई डोलीतून वर गेल्या. शेठचा गुडघा दुखत होता, ते खालीच एका हॉटेलच्या बाकावर चहा घेत बसले. जाताना त्यांनी मडगार्डखालची कळ फिरवली होती. खंडूमामाला ते सांगितलं नव्हतं.

अर्ध्या तासानं भोंगा वाजला. दोन वेळा लांबलचक केकाटला आणि थांबला. शेठ गुडघा विसरून धावले. बघतात तर मामा डाव्या दाराखालच्या पायरीवरून खाली उतरलेला, एक हात अजून दाराच्या मुठीवर, दुसऱ्या हातात फडकं, चेहरा पांढराफटक.

"काय करत होतास?"

"टप पुसत होतो शेठ. लय धूळ बसली हुती. पायरीवर चढलो अन् ह्ये वाजलं."

"मुठीवर हात कशाला?"

"धरायला, शेठ. पडू नये म्हणून."

शेठनी कळ बंद केली आणि दार उघडून डबा पाहिला. सगळं जागच्या जागी होतं. परतीच्या वाटेवर वणीपासून दिंडोरीपर्यंत आणि दिंडोरीपासून नाशकापर्यंत गाडीत कुणी शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ स्वतः गाडी घेऊन गॅरेजवर आले. गाडी मामाच चालवत होता. शेठ उतरले आणि सरळ म्हणाले, "कादर, हा म्हणतो दार उघडलं नाही. तरी भोंगा वाजला. असं होऊ शकतं का, ते बघ."

कादरनं बघितलं. चारी दारं वीस-वीस वेळा उघडली, मिटली. मिटलेल्या दारांना धक्के दिले. बॉनेट उघडून भोंग्याच्या जोडण्या हलवल्या. स्वतः डाव्या पायरीवर चढून उड्या मारल्या. भोंगा मुका तो मुकाच. दार उघडलं की मात्र चोख वाजायचा. गाडी आता रिकामी होती, नारळ आणि भांडी कालच घरी उतरली होती. पण हे तेव्हा कादरच्या डोक्यात आलंच नाही.

मामा बाजूला उभा होता. तो हळूच म्हणाला, "कादर, मागची फळी काढून बघ की येकदा."

मागची फळी काढायची म्हणजे सीट उचला, गंजलेले पंधरा-सोळा स्क्रू काढा, चटई सोडवा. अर्धा दिवस गेला असता. शेठ घड्याळ बघत होते. आणि दुसरंही एक होतं, जे कादरनं पुढं स्वतःशी कबूल केलं. त्याला राग आला होता. अख्ख्या नाशकानं वाखाणलेलं काम, त्यात मामानं खोट काढावी?

"ती तार माझ्या हातानं टाकलीय मामा," तो म्हणाला. "तिला काय होतंय?"

शेठनी विचारलं, "म्हणजे दार उघडल्याशिवाय भोंगा वाजणार नाही?"

"नाही वाजणार, शेठ."

एवढंच तो बोलला. शेठ मामाकडे वळले. "मी कळ फिरवली ते तुला ठाऊक नव्हतं. तुला वाटलं, मी विसरलो. पोलिसांत जात नाही, अकरा वर्षं मीठ खाल्लंयस. किल्ली दे आणि जा."

मामानं किल्ली दिली. कादर पान्हे गोळा करत राहिला.

आपल्या बोलण्यानं मामाची नोकरी जाईल, असं त्याला वाटलं नव्हतं. शेठ रागावतील, चार दिवसांनी परत बोलावतील, असंच तो धरून चालला. पण शेठनी नवा ड्रायव्हर ठेवला. आणि नाशिक तेव्हा केवढंसं! मोटारवाल्या घरांत ही गोष्ट आठ दिवसांत पोचली. ज्या ज्या दारात मामा कामाला गेला, तिथं त्याला पाणी मिळालं, काम मिळालं नाही.

एका संध्याकाळी मामा गॅरेजवर आला. आत आला नाही, उंबऱ्याशीच उभा राहिला.

"कादर, तू नीट बघितलंस ना?"

"बघितलं, मामा. तार बरोबर आहे."

मामा म्हणाला, "तू म्हणतोस तर बरोबरच आसंल." आणि गेला. त्याच आठवड्यात नवरा-बायको बिऱ्हाड मोडून घोटीकडे गावी निघून गेले. जाताना धोंडाबाई भेटायला आली नाही. कादरला ते लागलं, आणि लागलं म्हणून तोही गेला नाही.

पुढं पावसाळा सरला, दिवाळी झाली. माघात एके दिवशी शेठचा नवा ड्रायव्हर गाडी घेऊन आला. बरोबर शेठ. मागं तंबाखूची बोदं, मोठाली पोती, भरलेली.

"कादर, तुझा भोंगा बिघडला बघ," शेठ म्हणाले. "दारं कुलपात. मी पुढं उभा. हा गडी पायरीवर चढून टपावरची दोरी बांधत होता, तर वाजायला लागला."

"कुठल्या पायरीवर?" कादरनं विचारलं.

"डाव्या."

"गाडी आज इथंच राहू द्या. बोदंही राहू द्या, आणि कळीची किल्लीही."

शेठ गेल्यावर त्यानं गॅरेजचं दार अर्धं ओढून घेतलं. शेजारी महेबूब पत्र्याचं काम करायचा, मामाएवढाच वजनदार गडी. त्याला बोलावून डाव्या पायरीवर उभं केलं. भोंगा वाजला. उतरवलं, थांबला. पुन्हा चढवलं, पुन्हा वाजला. मग दोघांनी बोदं खाली उतरवली. आता महेबूब पायरीवर कितीही नाचला तरी भोंगा गप्प. बोदं पुन्हा चढवली, लगेच वाजला.

"अरे, हे तर भरल्या गाडीचं दुखणं आहे," महेबूब म्हणाला.

कादरनं चारी दारांच्या बटणांच्या तारा एकेक करून सोडवल्या. आता कुठलंच दार भोंग्याला जोडलेलं नव्हतं. "चढ," तो म्हणाला. महेबूब चढला. भोंगा वाजला. म्हणजे खोट दारांत नव्हतीच, तारेत होती. मग त्यानं तार मध्ये, पुढच्या सीटखाली तोडली. आता महेबूब चढला तरी शांत. म्हणजे पुढचा भाग निर्दोष, खोट मागं. बॅटरीवर लावलेल्या छोट्या बल्बची एक तार त्यानं मागच्या तुकड्याला जोडली. महेबूब चढला की बल्ब पेटायचा, उतरला की विझायचा. कादर त्या बल्बकडे बघत राहिला.

"बस कर," तो शेवटी म्हणाला. "उतर खाली."

सीट काढली. स्क्रू काढले. दोन गंजलेले मोडले. फळी उचलली.

फळीखाली गाडीच्या अंगावरून एक आडवी लोखंडी पट्टी जाते. तार पलीकडे न्यायला कादरनं तिला भोक पाडलं होतं. अशा भोकात रबराची कडी घालायची असते, नाहीतर लोखंडाची धार तारेवरचं वेष्टण खात राहते. हे त्याला मामानंच शिकवलं होतं. दिवाळीच्या घाईत कडी हाताशी नव्हती. मुंबईहून आली की घालू म्हणून त्यानं तारेवर कापडी पट्टी गुंडाळली होती, आणि विसरला होता. पट्टी कधीच गळून पडली होती. तांदळाच्या दाण्याएवढी तार उघडी पडली होती आणि लखलखत होती. भोकाच्या कडेलाही तसाच एक चकचकीत ठिपका. मागं ओझं असलं की फळी वाकायची, तार कडेला लागायची. त्यात डाव्या पायरीवर वजन पडलं की टेकायचीच.

महेबूब वाकून बघत होता. "सापडली!" तो खूश होऊन म्हणाला. मग त्यानं कादरचं तोंड पाहिलं आणि गुपचूप निघून गेला.

कादरनं तारेचा तो तुकडा कापून कागदात बांधला आणि तसाच काळ्या हातांनी शेठच्या कारखान्यावर गेला. सगळं सांगितलं. शेठनी तुकडा बोटांत फिरवून पाहिला.

"झालं ते झालं," ते म्हणाले. "तुझं काम तू नीट करायला हवं होतं."

"होय शेठ. चूक माझीच. मी उद्या घोटीला जातोय. तुम्हीही चला. तुमच्या तोंडून ऐकलं तर—"

"मी कशाला? यायचं असेल तर येऊ दे म्हणावं कामावर. मी नाही म्हणत नाही."

कादर तिथून निघाला तो मोटारींच्या अड्ड्यावर गेला. पाच-सहा ड्रायव्हर सावलीला बसले होते. त्यांच्यासमोर उभं राहून तो म्हणाला, "खंडूमामानं दार उघडलं नव्हतं. माझी तार चुकली होती. मी फळी काढून बघितली नाही आणि खोटं बोललो." एक म्हातारा ड्रायव्हर तोंडातलं पान थुंकून म्हणाला, "दहा महिन्यांनी?"

सकाळच्या गाडीनं कादर नाशिकरोडहून घोटीला उतरला. गाव अजून दोन कोस होतं, पण स्टेशनबाहेरच एकानं सांगितलं, "खंडेराव व्हय? त्यो गिरणीत हाय की, भाताच्या."

गिरणीच्या आवारात कोंड्याची धूळ उडत होती. आत तेलावरचं इंजिन धडधडत होतं. मामाला ते कानानं ऐकून दुरुस्त करता आलं असतं, आणि मामा बाहेर पाठीवर भाताचं पोतं घेऊन फळीवरून चढत होता. आडवं अंग सुकून निम्मं झालं होतं. गिरणीचा मालक कोंडाजी कादरला म्हणाला, "म्या म्हनलं इंजिनावर बस. तर म्हनतो, नको, माझ्या हाताचा भरवसा नाय ऱ्हायला. पोती वाहतो."

मामानं पोतं टाकलं, वळला, आणि कादरला बघून ओळखीचं हसला. "ये. कवा आलास?"

आवाराबाहेर बाभळीखाली दोघं बसले. कादरनं वाटेत पुष्कळ वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना. त्यानं कागद सोडून तारेचा तुकडा मामाच्या हातावर ठेवला.

"मामा, तार चुकली होती."

मामानं तुकडा डोळ्यांजवळ नेला. उघड्या जागेवरून अंगठा फिरवला. "कुठली ही?"

"मागच्या फळीखाली. आडव्या पट्टीच्या भोकात."

"रबर?"

"नव्हतं घातलं."

"हं." मामा पुन्हा अंगठा फिरवत राहिला. "वझ्यानं फळी दबत आसंल."

"होय."

"आन् त्या दिशी नारळ हुते." मग तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "म्हंजी म्या उघडलं नव्हतं तर."

कादर दचकला. "मामा! तुम्हाला तर ठाऊकच होतं!"

"हुतं की. पयल्यांदा हुतं." मामा सावकाश बोलत होता. "मंग तू म्हनलास, तार बरोबर हाय. तुझं काम मला ठाव. म्याच शिकवलंय. ते चुकायचं नाय. मंग वाटाया लागलं, मुठीवर हात हुता माझा. दाबली आसंल. का दाबली आसंल? मनात काय आलं आसंल आपल्या? रोज इचार केला कादर. इतका केला की मला दार उघडल्यावानी दिसाया लागलं."

कादरनं विचारलं, "मामी कुठंय? मला मामीच्या पाया पडायचंय."

"धोंडा गेली. मार्गशीर्षात."

कादरनं दोन्ही हात तोंडावर घेतले.

"तापानं गेली," मामा म्हणाला. "तिला काय पटायचंच नाय बघ. रोज म्हनायची, तुमी उघडलं नाय. नाशकाला जावा, कादरला म्हनावं फळी काढ. म्या म्हनायचो, गप ऱ्हा, पोराचं काम बरोबर हाय. ताप आला तरी तेच. डोळं मिटून तेच. फळी काढाया सांगा, फळी काढाया सांगा. मला सोसंना. येका दिशी म्हनलो, धोंडा, म्या उघडलं. बुद्धी फिरली माझी. आता तरी गप ऱ्हा." तारेचा तुकडा त्यानं मुठीत धरला होता. "गप ऱ्हायली. तोंड भिताडाकडं केलं. मंग बोलली नाय. चौथ्या दिशी गेली."

बैलगाडी भात घेऊन आली, गाडीवाल्यानं मामाला हाक मारली. मामानं हात करून थांब म्हटलं.

"मला मारा मामा," कादर रडत म्हणाला. "काहीतरी बोला तरी मला."

"काय बोलू? तू सांगाया आलास, लय केलंस." मामा उठला, धोतर झटकलं. "दोन म्हैनं आधी सापडली आस्ती तर बरं झालं आस्तं. तिला तरी कळलं आस्तं." मग त्यानं कादरच्या डोक्यावर हात ठेवला. कामावरचा, कोंड्यानं भरलेला हात. "चल, भाकर हाय संग. खाऊन जा."

कादरनं भाकरीचा तुकडा मोडून हातातच धरला. मामा मात्र सगळी भाकरी खाऊन पोती उतरवायला गेला.

कादर पुढं दोनदा जाऊन आला. पाया पडला, गळ घातली. फाल्गुनात मामा एकदाचा नाशकाला आला. शेठनी किल्ली पुढं केली. "खंडेराव, आपल्या दोघांचीही चूक नव्हती," असं म्हणाले. मामानं नमस्कार करून किल्ली घेतली. कादर शेजारी बसला. मेनरोडवरून गाडी निघाली ती त्र्यंबक नाक्यापर्यंत. हात तेच होते. गिअर बदलताना आवाज नाही, वळणावर धक्का नाही. अड्ड्यावरचे ड्रायव्हर उठून उभे राहिले. कादरच्या मनात आलं, झालं, मामा परत आला.

नाक्यावर मामानं गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला.

"हात बरोबर हाय रे," तो म्हणाला.

"मग?"

"घरी जाऊन सांगू कुनाला, आज गाडी चालवली म्हनून?"

त्यानं किल्ली कादरच्या हातात दिली. कादरनं दुपारी त्याला नाशिकरोडला नेऊन घोटीच्या गाडीत बसवलं. डब्यात गर्दी होती. मामा खिडकीशी बसला होता. गाडी हलली तेव्हा त्यानं खिडकीतून हात बाहेर काढून कादरला सांगितलं, "दुसऱ्यांच्या गाड्यांच्या फळ्याबी काढून बघ. ज्यांना ज्यांना भोंगं बसवलंस त्यांच्या."

कादरनं बघितल्या. नाशकात त्यानं आणखी तीन गाड्यांना चोरभोंगे बसवले होते. तिन्ही मालकांकडे जाऊन त्यानं फळ्या उचलल्या, एकीत तार अर्धी खाल्लेली सापडली. रबराच्या कड्या घालून दिल्या. नवा भोंगा मात्र त्यानं कुणाला बसवून दिला नाही. मामा गिरणीत पोतीच वाहत राहिला. पुढच्या पावसाळ्यात कोंडाजीचं कार्ड आलं, त्यात दोनच ओळी होत्या. कादर पोचला तोवर मामाचं दहनही झालं होतं.